सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला गेला तेव्हा...

१/ १६७६ साली हॉलंडमधील डेल्फ्ट शहरातल्या एका कापडव्यापाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले की, पाण्याच्या थेंबात असंख्य सूक्ष्म जीव वावरतात. विश्वास बसणे कठीण होते. अखेर आंतोनी व्हान लेव्हेनहूकला प्रतिष्ठित नागरिकांच्या लेखी साक्षी पाठवाव्या लागल्या. 🧵

२/ अडचण उघड होती. त्या भिंगातून एका वेळी एकच डोळा पाहू शकत असे. डोळ्याने पाहिलेले इतरांपर्यंत पोहोचे ते चित्रकाराच्या हातून. चित्रात वस्तू किती आणि कल्पना किती, हे ठरविणार कोण?

३/ १८३९ साली दागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली आणि उत्तराची शक्यता निर्माण झाली. पॅरिसचे वैद्य आल्फ्रेद दोने यांनी तरुण लेऑन फूकोच्या साहाय्याने रक्तपेशी व इतर शारीरिक द्रवांची छायाचित्रे सूक्ष्मदर्शकातून टिपली. पृथ्वीचे परिवलन लंबकाने दाखविणारा फूको तो हाच.

४/ १८४५ साली त्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. मात्र दागेरच्या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर एकच प्रत उमटत असे. पुस्तकात छापण्यासाठी ती चित्रे पुन्हा हातानेच कोरावी लागली. कलावंताचा हात वगळण्याचा खटाटोप शेवटी त्याच हाताशी येऊन थांबला!

५/ पुढचा टप्पा १८७० च्या दशकातला. प्रशियातील व्यॉलस्टाइन (आज पोलंडमध्ये) या लहानशा गावी रॉबर्ट कॉख सरकारी वैद्य होते. त्यांचे म्हणणे असे की, चित्र काढताना निरीक्षकाचे मत नकळत त्यात उतरते. छायाचित्र मात्र इतरांनाही तपासता येते.

६/ पण जीवाणू हलतात आणि जवळजवळ पारदर्शक असतात. म्हणून कॉख यांनी द्रवाचा पातळ थर काचेवर वाळवून रंगविला. त्या काळच्या छायाचित्रण-काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. निळा रंग दिलेला जीवाणू त्यांवर फिका पडे. तपकिरी रंग निळा प्रकाश शोषून घेई आणि जीवाणू गडद उमटे. छायाचित्रासाठी तपकिरी रंगाचे महत्त्व ते यामुळेच.

७/ १८७७ साली फर्डिनांड कोह्न यांच्या नियतकालिकात ही छायाचित्रे प्रसिद्ध झाली. जीवाणूंच्या अगदी आरंभीच्या छापील छायाचित्रांत त्यांची गणना होते. आडगावच्या वैद्याने पाहिलेले आता दूरच्या विद्यापीठातील विद्वानालाही पाहता येऊ लागले.

८/ मग चित्रकला संपली का? मुळीच नाही. मोठ्या वर्धनात पदार्थाचा एक पातळ थरच स्पष्ट दिसतो. छायाचित्रात तेवढाच येतो. चेतापेशीचे फाटे तर अनेक थरांतून जातात. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल स्वतः निष्णात छायाचित्रकार होते, तरीही त्यांनी चेतापेशी हातानेच रेखाटल्या. १९०६ च्या नोबेल पुरस्कारामागील संशोधनात त्या रेखाटनांचे स्थान मोठे आहे.

९/ १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. पुढे प्रकाशाचे विद्युतभारात आणि विद्युतभाराचे आकड्यांत रूपांतर करणारे असे संवेदक कॅमेऱ्यात आले. आज आयपीसच्या जागी बसणारा छोटा डिजिटल कॅमेरा शाळेच्या प्रयोगशाळेतही परवडतो. सगळा वर्ग एकाच पडद्यावर एकच पेशी पाहतो.

१०/ परंतु आकडे बदलणे सोपे असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जीववैद्यकशास्त्रातील २०,६२१ शोधनिबंधांतील प्रतिमा तपासल्या गेल्या. त्यांपैकी ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह पुनरावृत्ती आढळली; त्यातील निदान निम्म्या निबंधांत ती हेतुपुरस्सर असल्याची चिन्हे होती.

११/ म्हणूनच आज प्रतिमेसोबत मूळ फाइल जपण्याचा आणि केलेले फेरफार नमूद करण्याचा आग्रह धरला जातो. लेव्हेनहूकला माणसांची साक्ष जोडावी लागली होती. कॅमेऱ्याने ती गरज संपविली असे वाटले. प्रत्यक्षात साक्षीदार तेवढा बदलला. त्याची उलटतपासणी आजही करावीच लागते.