आंदोलनस्थळाजवळील वाहनांच्या क्रमांकांची नोंद : कायदा आणि दाखले

आंदोलनाच्या ठिकाणाजवळ उभ्या असलेल्या वाहनांचे क्रमांक पोलिसांनी टिपून घेणे हा सुरक्षा व्यवस्थेचा भाग मानावा की नागरिकांच्या मतांची नोंद, हा वादाचा विषय राहिला आहे. भारतात अशा नोंदींसाठी स्वतंत्र कायदा नाही.

आंदोलन आणि वाहने : बंगळुरूजवळील देवनहळ्ळी तालुक्यात चन्नरायपट्टण होबळीतील १३ गावांची १,७७७ एकर जमीन एरोस्पेस पार्कसाठी संपादित करण्यास विरोध करत शेतकऱ्यांनी एप्रिल २०२२ मध्ये धरणे सुरू केले. २५ जून २०२५ रोजीच्या ‘देवनहळ्ळी चलो’ आंदोलनात पोलिसांनी आंदोलकांना ताब्यात घेतले. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी संपादन मागे घेतल्याचे जाहीर केले. अशा दीर्घकालीन आंदोलनांना बाहेरगावचे समर्थकही वाहनांनी येतात. त्यांची ओळख पटवण्यास वाहनाचा क्रमांक पुरेसा ठरू शकतो.

क्रमांकावरून मिळणारी माहिती : ‘केए-४३’ हा देवनहळ्ळी प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा संकेतांक आहे. केंद्राच्या ‘वाहन’ प्रणालीत क्रमांकाशी मालकाचे नाव व पत्ता जोडलेला असतो. मात्र वाहन कोणी आणले, कशासाठी आणले, हे क्रमांकावरून समजत नाही. शेजारच्या दुकानात आलेल्या ग्राहकाचे वाहनही त्याच यादीत येऊ शकते.

कायदेशीर स्थिती : शांततेने व निःशस्त्र एकत्र येण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. वाहनाचा क्रमांक दर्शनी भागी लावणे बंधनकारक असल्याने तो गुप्त नसतो. तथापि, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यावर बंधन घालण्यासाठी कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता आवश्यक आहे. दुसरीकडे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात गुन्हे प्रतिबंध व तपासासाठीच्या माहितीला बहुतांश तरतुदींतून सूट आहे.

परदेशातील दाखले : अमेरिकेत व्हर्जिनिया राज्य पोलिसांनी २००८ मध्ये बराक ओबामा आणि सारा पेलिन यांच्या प्रचारसभांना आलेल्या वाहनांचे क्रमांक स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपल्याचे नंतर उघड झाले. ब्रिटनमध्ये ब्राइटन येथील निदर्शनाजवळ दिसलेल्या जॉन कॅट यांच्या वाहनाच्या क्रमांकावर पोलीस यंत्रणेत खूण करण्यात आली. त्यामुळे २००५ मध्ये लंडनमध्ये त्यांचे वाहन अडवून झडती घेण्यात आली. कॅट यांना कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नव्हती. निदर्शनांतील त्यांच्या सहभागाची माहिती पोलिसांनी जपून ठेवणे हा खासगी जीवनाच्या हक्काचा भंग असल्याचा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २४ जानेवारी २०१९ रोजी दिला. माहिती किती काळ ठेवावी याची निश्चित कमाल मर्यादा नसणे, हा त्या निकालातील महत्त्वाचा मुद्दा होता.