छावणींतील तरुण पिढी

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करानें एक विस्तीर्ण छावणी उभारली होती. युद्ध संपलें, सैनिक निघून गेले, आणि 1947 च्या फाळणीनंतर त्या ओस बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहूं लागले. त्यांची संख्या लाखाच्या घरांत गेली. 8 ऑगस्ट 1949 रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं या वस्तीस, उल्हास नदीवरून, उल्हासनगर हें नांव दिलें. लोकांच्या तोंडीं मात्र 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर पांच' हेच पत्ते राहिले, व ते आजहि गेलेले नाहींत.

दुरून पाहणाऱ्यास हे सारे निर्वासित एकाच मापाचे दिसत. वस्तुस्थिति तशी नव्हती. सिंधी हिंदूंत आमिल व भाईबंद असे दोन वर्ग पूर्वींपासूनच होते. आमिलांनीं मुसलमान अमीरांच्या दरबारीं लेखणी चालविली, व पुढें इंग्रजी अमदानींत शाळा, कॉलेजें आणि सरकारी नोकऱ्या जवळ केल्या. भाईबंदांचें सारें लक्ष पेढीकडे. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यांतच मोडत असे, आणि 1887 सालीं निघालेलें कराचीचें डी. जे. सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठासच जोडलेलें होतें. ज्याच्या पेटींत या विद्यापीठाची पदवी होती, त्यास मुंबई सर्वस्वीं परकी नव्हती. शिकलेल्या व ऐपतदार कुटुंबांपैकीं पुष्कळांनीं वांद्रें-खारचा रस्ता धरला. बराकींत उरले ते बहुधा लहान दुकानदार व हातावर पोट असलेले लोक. घरदार दोघांचेंहि गेलें होतें. पण पदवी सरहद्दीवर कोणी हिसकावून घेऊं शकत नाहीं, दुकान घेतां येतें.

बराकींतल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाची कुचंबणा निराळीच होती. तो शिकला होता अरबी वळणाच्या लिपींत लिहिलेल्या सिंधींतून. मुंबईच्या कचेरींत इंग्रजी हवें, बाजारांत मराठी-गुजराती हवी. नोकरीसाठीं थांबण्यास घरीं शिधा नव्हता. म्हणून तो गोळ्या, फण्या, रुमाल घेऊन आगगाडीच्या डब्यांतून फिरूं लागला. घरीं आई-बहिणी पापड लाटीत. सिंध्यांच्या व्यापारी वृत्तीचें कौतुक करणारे लोक या सक्तीचा विचार फारसा करीत नाहींत.

कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनीं 1948 सालीं जयहिंद कॉलेज काढलें. हैदराबाद-सिंधचें नॅशनल कॉलेज 1949 सालीं वांद्र्यास पुन्हा उभें राहिलें. हीं दोन्हीं मुंबईंत. छावणींतल्या मुलास तेथें जाण्यांतच दिवस मोडावा लागे. उल्हासनगरचें स्टेशन झालें तें 1955 सालीं. पुढें 1965 सालीं चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज गांवांतच निघालें, आणि मुलींची विशेष सोय झाली.

तोंवर फेरीवाल्यांपैकीं कित्येकांच्या गाळ्यांत यंत्रें आलीं होतीं. पुढच्या काळांत जीनच्या विजारी शिवण्याचे कारखाने गल्लोगल्लीं निघाले. मालकाचा मुलगा कॉलेजांत जाऊं लागला, आणि शिवणयंत्रावर येऊन बसला तो उत्तर प्रदेश-बिहारकडून शाळा अर्धी टाकून आलेला तरुण. तो कारखान्यांतच झोपतो.