सक्ती आणि विश्वास : कुटुंबनियोजनाच्या इतिहासातून बीपी-शुगरच्या रुग्णांनी काय घ्यावे?

"डॉक्टर, आता बरं वाटतंय, म्हणून बीपीची गोळी बंद केली." हे वाक्य आम्हा डॉक्टरांना नेहमी ऐकावे लागते. अशा वेळी रुग्णावर रागावणे सोपे असते. पण त्याने फारसा फरक पडत नाही. असे का होते, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्याच देशातला थोडा इतिहास पाहायला हवा.

सक्तीने काय झाले?

भारताने १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीचा वेग संथ होता. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली आणि चित्र बदलले. शिक्षकांना, सरकारी कर्मचाऱ्यांना नसबंदीच्या 'केसेस' आणण्याचे उद्दिष्ट दिले गेले आणि ते पूर्ण न करणाऱ्यांचे पगार अडवण्यात आले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

१९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या होत्या. कागदावर हे मोठे यश दिसते. पण आणीबाणी उठल्यावर पुढच्याच वर्षी हा एकूण आकडा १० लाखांच्याही खाली आला. लोकांच्या मनात भीती बसली ती बसलीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे. याला इतरही कारणे आहेत. तरीही पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी व सुरक्षित असते आणि तिने पौरुषत्वावर परिणाम होत नाही, ही साधी माहिती आजही घरोघरी पोचलेली नाही.

त्याच काळात जामखेडमध्ये

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केले. तिथे हजार जन्मांमागे सुमारे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. अशा गावात "दोनच मुले पुरेत" असे कोण ऐकणार? हाताशी आलेले मूल जगेल याचीच खात्री नव्हती.

गावकऱ्यांच्या मनात पहिली निकड पाणी आणि अन्नाची होती. म्हणून आरोळ्यांनी तिथूनच सुरुवात केली. आरोग्याच्या कामासाठी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या, काही दलित समाजातल्या होत्या. त्यांना नियमित प्रशिक्षण मिळाले. जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, गरोदर बाई कशी तपासावी, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा कसा ओळखावा, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना आपल्या भाषेत सांगू लागल्या.

साधारण २५ वर्षांत तिथला बालमृत्युदर ३० च्या खाली आला आणि जन्मदरही जवळपास निम्मा झाला. मुले जगू लागली, तशी कुटुंबे आपणहून लहान झाली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगावी दिसणाऱ्या 'आशा' कार्यकर्तीच्या कल्पनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव आहे.

याचा तुमच्या गोळीशी काय संबंध?

नसबंदी एकदाच होते, म्हणून ती सक्तीने करता आली. बीपी-शुगरची गोळी मात्र रोज, बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. तिथे कुणाचाच हुकूम चालत नाही. ती का घ्यायची, हे तुम्हाला पटले तरच ती चालू राहते. म्हणून पुढच्या भेटीत हे प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा :

- मला काहीच त्रास नाही, मग गोळी कशासाठी? (वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा जाणवत नाही, पण मेंदू, हृदय आणि किडनीला इजा करत राहतो.)
- माझा रक्तदाब किंवा साखर किती असावी?
- गोळी चुकली तर काय करायचे?
- खर्च झेपत नसेल तर स्वस्त पर्याय आहे का?

गोळीचा त्रास होत असेल तर तो सांगा. लाजू नका. स्वतःहून मात्र गोळी बंद करू नका.

वय ३० च्या पुढे असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. 'आशा' ताई घरी आल्या तर "आमच्याकडे सगळे ठीक आहे" म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवू नका. घरात कुणाला बीपी, शुगर आहे, कुणाची गोळी सुटली आहे, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. आणि तुमची स्वतःची गोळी नियमित चालू असेल, तर शेजारच्या एखाद्यालाही ती का घ्यायची हे समजावून सांगा. जामखेडच्या त्या बायकांनी हेच केले होते.