कुलगुरूंचा पेपर, निलंबित झालेल्या बाई आणि १० टक्क्यांचा नियम

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात कुणी पीएच.डी. करतंय त्यांनी तरी वाचा.

२००२ सालची गोष्ट. उत्तराखंड नुकतंच वेगळं झालं होतं, नाव तेव्हा उत्तरांचल. नैनितालच्या कुमाऊं विद्यापीठाचे कुलगुरू होते प्रा. बी. एस. राजपूत, विषय भौतिकशास्त्र. त्यांचा आणि त्यांच्या विद्यार्थ्याचा कृष्णविवरांवरचा एक पेपर ‘युरोफिजिक्स लेटर्स’ या युरोपातल्या नामांकित नियतकालिकात छापून आला. अडचण एकच होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रेनाटा कॅलॉश यांनी १९९६ मध्ये छापलेल्या पेपरमधला मजकूर त्यात जसाच्या तसा उतरला होता.

त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. कविता पांडे यांनी हे प्रकरण लावून धरलं. आता विचार करा, तक्रार कुणाविरुद्ध? ज्याच्या सहीने आपली नोकरी चालते त्याच्याविरुद्ध. व्हायचं तेच झालं. चौकशी राहिली बाजूला, निलंबन बाईंचंच झालं.

प्रकरण दाबलंही गेलं असतं. पण देशातले आणि बाहेरचे भौतिकशास्त्रज्ञ दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचू लागले. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी राष्ट्रपती कलामांना पत्र लिहिलं, सह्या करणाऱ्यांत नोबेल विजेते होते. मग राज्यपालांनी निवृत्त न्यायमूर्तींकडे चौकशी दिली. कुलगुरूंचं म्हणणं, दोष विद्यार्थ्याचा. (नाव छापताना दोघांचं, निस्तरताना एकट्या पोराचं!) चौकशीत चोरी सिद्ध झाली आणि २००३ च्या सुरुवातीला राजपूत यांनी राजीनामा दिला.

म्हणजे एका कुलगुरूची नक्कल सिद्ध करायला नोबेल विजेत्यांच्या सह्या लागल्या. तालुक्याच्या कॉलेजातल्या तासिका तत्त्वावरच्या मास्तराने असल्या सह्या कुठून आणायच्या?

तेव्हा देशभर लागू असा नियमच नव्हता. शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दिल्लीत ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ नावाची संस्था काढली होती. ती अशी प्रकरणं तपासून जाहीर करायची, पण कारवाईचा अधिकार शून्य.

पुढे २००९ मध्ये यूजीसीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. हे प्रबंध ‘शोधगंगा’वर सगळ्यांना खुले असतात. माझ्या मते आजवरचा सगळ्यात कामाचा उपाय हाच. कपाटातला प्रबंध वाळवीशिवाय कुणी वाचत नव्हतं, आता कुणीही उघडून बघू शकतं. पण लगेच २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी पेपरचे गुण मोजणारी एपीआय पद्धत आली. पेपर हवाच म्हटल्यावर पैसे घेऊन छापणारी जर्नल्स पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. विकतच्या जर्नलमध्ये कोण कशाला तपासतंय!

नक्कल रोखण्यासाठीचे खास नियम आले ते २०१८ मध्ये. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ४० पर्यंत असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्या. ६० पर्यंत एक वर्ष थांबा. त्याच्या वर गेलं की नोंदणी रद्द. छापलेल्या पेपरमध्ये ४० च्या वर सापडलं तर प्राध्यापकाची वेतनवाढ रोखायची, काही वर्षं नवा विद्यार्थी द्यायचा नाही. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरायचं नाही, इतकं बारीक लिहिलंय. तपासणीचं सॉफ्टवेअरही विद्यापीठांना मिळालं.

आणि इथेच गंमत झाली. सगळ्यांची नजर मजकुरावरून उठून टक्क्यांवर गेली. ‘टक्के किती आले?’ हाच प्रश्न. टक्के कमी करून देणारे लोकही तयार झाले, शब्द फिरवायचे, वाक्य उलटं करायचं, झालं. कल्पना दुसऱ्याचीच राहते, रिपोर्ट मात्र स्वच्छ. इंग्रजी पुस्तकाचं प्रकरण मराठीत भाषांतर करून टाकलं तर शब्दाला शब्द जुळवणारं यंत्र काय पकडणार? ते पकडायला मूळ पुस्तक वाचलेला माणूसच लागतो. उलट दुसऱ्याची वाक्यं रीतसर श्रेय देऊन पण अवतरणचिन्हांशिवाय घेणारी एखादी सरळमार्गी मुलगी १२ टक्क्यांना अडकते.

याच नियमांत एक कलम आहे, फारसं कुणी वाचत नाही. तक्रार खुद्द संस्थाप्रमुखाविरुद्ध असेल तर कारवाई त्याच्या वरच्या नियंत्रक प्राधिकरणाने करायची. वाचताना मला नैनितालच आठवलं. कागदावर रस्ता आहे. पण पुरावा तक्रार करणाऱ्यानेच गोळा करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्टाफरूममध्ये जाऊन बसायचं, हे आजही तसंच आहे.

नियमाप्रमाणे तक्रारीसाठी विभागात एक आणि संस्थेत एक अशा दोन समित्या हव्यात, संस्थेच्या समितीत बाहेरचा एक सदस्यही हवा. आपल्या भागातल्या कॉलेजांत या समित्यांवर कोण आहे, गेल्या पाच वर्षांत किती तक्रारी आल्या, हे मी माहिती अधिकारात विचारणार आहे. तुमच्या कॉलेजात समितीची यादी नोटीस बोर्डावर लागलेली दिसली तर फोटो पाठवा. पाठवणाऱ्याचं नाव कुठेही येणार नाही.