दोन संकेत, एक प्रतिसाद
प्रकाश व ध्वनी एकाच क्षणी आले असता मनुष्य एकेकट्या संकेतापेक्षा त्वरेने प्रतिसाद देतो, हे टॉड यांनी १९१२ मध्ये दाखविले. तथापि तेवढ्यावरून दोन्ही संवेदनांचा संयोग सिद्ध होत नाही. वऱ्हाडातील शंकरपटात दोन तुल्यबळ जोड्या सुटल्या, तर आधी पोहोचणारीचा सरासरी वेळ एकेकीच्या सरासरीहून कमीच भरावयाचा. राब यांचे १९६२ चे प्रतिपादन याच जातीचे होय. मिलर यांनी १९८२ मध्ये या शर्यतीस मर्यादा घातली: कोणत्याही क्षणापर्यंत दुहेरी संकेतास प्रतिसाद मिळण्याची संभाव्यता दोन एकेरी संभाव्यतांच्या बेरजेहून अधिक असू नये. ती अधिक भरली, तरच निव्वळ शर्यतीचे स्पष्टीकरण सोडावे. उलरिख, मिलर व श्रोटर यांनी २००७ मध्ये ही कसोटी संगणकाच्या आज्ञावलीत उतरविली. काम सोपे झाले, हे खरे. परंतु त्याच वर्षी कीझेल यांच्यासह मिलर व उलरिख यांनीच दाखविले की, ती अनेक बिंदूंवर लावीत गेल्यास मर्यादाभंगाचा खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता वाढते.