सुडोकू : प्रगत उकलपद्धती

अवघड सुडोकू अंदाज न बांधता, निव्वळ तर्काने सोडविण्याच्या रीती. या ८१ घरांच्या कोड्यात प्रत्येक ओळीत, स्तंभात व ३×३ खंडात १ ते ९ अंक एकेकदाच येतात. एकमेव उत्तर मिळण्यासाठी किमान १७ अंक दिलेले असावे लागतात, हे २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले.

सोपी घरे भरली की रिकाम्या घरांत संभाव्य अंक बारीक लिहितात. एका ओळीतील दोन घरांत फक्त ३ व ७ उरले, तर ही ‘उघडी जोडी’. ओळीतील इतर घरांतून ते दोन्ही खोडावेत. ‘एक्स-विंग’ याहून सूक्ष्म. समजा, दुसऱ्या व सातव्या ओळीत ५ हा अंक केवळ चौथ्या व आठव्या स्तंभांतच बसतो. मग दोन्ही ५ तिरकस समोरासमोर पडतात आणि त्या स्तंभांतील उरलेल्या घरांतून ५ बाद होतो. तीन ओळी व तीन स्तंभांवर हीच युक्ती ‘स्वोर्डफिश’ म्हणून ओळखली जाते.

सुडोकू हा लॅटिन चौरसाचा, म्हणजे प्रत्येक ओळीत व स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणाऱ्या चौरसाचा, विशेष प्रकार. या चौरसांविषयीचे गणिती ऑयलर यांचे १७८२ मधील अनुमान पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झालेले ख्यातनाम गणिती शरच्चंद्र श्रीखंडे (१९१७–२०२०) यांनी १९५९ मध्ये बोस व पार्कर यांच्यासह खोटे ठरविले.