हाक्याला चला, पण आधी मूळ गाव सांगा

घोंगडी घट्ट ओढून घ्या. पौषातली रात्र आहे, नवेगावबांधच्या तलावावरून येणारा वारा थेट हाडांत शिरतो आहे आणि घोंगडीखाली तुमच्या अंगावर धोतर-सदऱ्याखेरीज काही नाही. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीनं तुम्ही दुपारी देवलगावला उतरलात. इंजिनाच्या कोळशाची कणी अजून डोळ्यात खुपते आहे, चोळू नका. स्टेशनापासून सामानाच्या बंडीमागं चालत आलात, म्हणून पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ आहे. बंडीत साहेबाचे तंबू होते, घडीच्या खुर्च्या होत्या, अंघोळीचा पत्र्याचा टबसुद्धा होता. काळ कोणता म्हणाल, तर आगगाडी आलेली आहे, वीज आलेली नाही, रोजी आण्यांत मोजतात आणि वाघ मारायला साहेबाला परवाना मिळतो.

तळावर दोन जाळ पेटले आहेत. पहिला साहेबाच्या तंबूपुढं. तिथं पांढऱ्या चादरीचं टेबल आहे, काचेचे पेले आहेत आणि खानसाम्यानं भाजलेल्या बदकाचा वास आहे. आज पहाटे तलावावर बंदुका वाजल्या, त्यातलं ते बदक. तिकडं पाहू नका, तुमचं पान तिथं मांडलेलं नाही. तुमचा जाळ दुसरा, आंब्याच्या झाडाखालचा. उद्या वाघाला साहेबाच्या मचाणाकडं हाकून आणायच्या हाक्यासाठी गावोगावहून आलेली माणसं तिथं उकिडवी बसली आहेत. त्यांच्यात घुसा. कुणी सरकून जागा देईल, कुणी देणार नाही. खांद्याला खांदा लावून बसलं की थंडी निम्मी होते.

आता नाक उघडा. ओल्या घोंगड्यांचा वास, बैलांच्या शेणाचा, तेंदूपानाच्या बिडीचा आणि कुणीतरी पालथ्या हातानं पुढं सरकवलेल्या मोहाच्या दारूचा आंबूस दर्प. मधूनच वारा फिरतो आणि गावाकडून गोडसर, किंचित करपलेला वास येतो. कोहळी शेतकऱ्यांच्या वाड्यांमध्ये उसाचं गाळप चालू आहे, कढईत रस उकळतो आहे. रात्रभर चालेल ते. तोंडाला पाणी सुटलं तरी गिळून टाका, गूळ उद्या.

जेवण आलं. समोर पळसाची पत्रावळ पडली आहे, ती जरा उचलून जाळाच्या उजेडात धरा. पानं एकमेकांवर अर्धी चढवून बांबूच्या बारीक काड्यांनी टाचली आहेत. टाके इतके जवळजवळ, की पातळ वरण वाढलं तरी थेंब गळणार नाही. पलीकडचा म्हातारा अजून एक पत्रावळ लावतो आहे. नजर गप्पांकडे, बोटं आपली आपली चालतात. तीवर वाफाळता भात पडतो, त्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण, बाजूला ठेचा. कालवायला गेलात की बोटं भाजतील. सगळे फुंकर मारत खातात, तुम्हीही मारा.

आणि पहिला घास घशाखाली उतरायच्या आत प्रश्न येईल.

"कोनता गाव जी तुमचा?"

तुम्ही पुणं म्हणाल, ठाणं म्हणाल, नागपूर म्हणाल. विचारणारा मान हलवेल.

"ते राहाचं झालं. मूळ कोनतं?"

गडबडलात ना? इथं या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर तयार असतं, तुमचंच नाही. हरकत नाही. भात खा आणि ऐका.

प्रश्न विचारणारा आहे बिसेन, पोवार समाजातला, धानाचा शेतकरी. शेजारी बसलेल्या पुतण्याशी तो पोवारीत बोलतो, तुमच्याकडे वळला की मराठीत येतो. मधला सांधा कळतसुद्धा नाही. "आमची छत्तीस कुळं," तो बोटांवर मोजत सांगू लागतो, "बिसेन, पटले, तुरकर, कटरे, रहांगडाले, बोपचे, टेंभरे..." आठ-दहावर पोचेपर्यंत कुणीतरी ओरडतं, "बाप्पा, छत्तीसही सांगशील तं वाघोबा म्हातारा होऊन मरल!" बिसेन हसत नाही. "आमी धारहून निघालो," तो म्हणतो. "मंग नगरधन. मंग अंबागड. मंग वैनगंगा." ऐकलंत? आमचे पूर्वज निघाले, असं तो म्हणत नाही. आमी निघालो. जणू गेल्या आठवड्यात बंडी जुंपली आणि वाटेत बैल बदलत काल पोचला. पोवार तिथं धार आणि धार तिथं पोवार, ही म्हण त्याच्या आजीनं त्याला भरवताना सांगितली. माळव्यातलं ते धार त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरी त्याच्या बोलण्यात घर सोडून आलेल्याची कळ आहे.

"तुमी धारहून आले, आमी काशीहून," जाळापलीकडून आवाज येतो. हा कापगते, कोहळी. उसाच्या रसानं हात अजून चिकट आहेत त्याचे. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथली तळी बांधणारी माणसं पाहिली आणि येताना बरोबर घेऊन आला, ही गोष्ट त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. "म्हनून तं आमच्यात काशीवार आहेत," तो म्हणतो आणि काळोखाकडे हात करतो. "ते डोंगर दिसतात का? साती बहिनी. कोलू पाटलानं डोंगरांमधल्या फटी पाळ घालून बुजवल्या. पानी जाईल कोठी? राहिलं आपलं हितंच." तलावाचा घेर १७ मैलांचा भरतो. पाळीवर उभं राहिलात तर पलीकडचा काठ धुक्यात हरवतो आणि पाण्यावर उतरलेल्या बदकांचा कालवा तेवढा ऐकू येतो. इतकं पाणी अडवणारा कोलू पाटील पुढं इथल्या एका शिखरावर कोलासूर देव होऊन बसला. उद्या हाक्याला जाताना लोक त्या दिशेनं हात जोडतील, तुम्हीही जोडा.

आता गाडी सुटली. एकेक आडनाव जाळाभोवती फिरू लागतं. रामटेकेला सांगावंच लागत नाही, लांजेवारालाही नाही. लांजी कुठं, रामटेक कुठं, सगळ्यांना ठाऊक. वैरागडेची मात्र खोड काढतात. वैरागडला कधीकाळी हिरे निघायचे, तेव्हा "खिशात एखांदा राहिला असंल तं पाहा ना भाऊ, बिडीला पैसे नाहीत!" यावर हशा उसळतो. साहेबाच्या तंबूतून कुणीतरी डोकावून गप्प बसायला सांगतं. दोन श्वास शांतता, पुन्हा खुसखूस.

"अन् ह्या आपल्या झाडीपट्टीतून जो वर्धेकडे गेला, तो तिकडं झाडे झाला," एक जण माहिती पुरवतो. "हितं कोनी झाडे म्हनून हाक मारली तं सारेच मुंडी फिरवतील!"

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. हसता हसता त्यानं आडनावांचं सगळं गुपित सांगून टाकलं. माणूस आपल्या गावात असतो तोवर गावाचं नाव त्याच्या नावापुढं लागत नाही, लावून उपयोग काय? परक्या गावात पाय ठेवला की लोक विचारतात, कुठला? तुम्ही सोडून आलेलं गावच मग तुम्हाला चिकटतं. रामटेकात राहणाऱ्याला रामटेके कोण म्हणेल?

या सगळ्यात एक जण अजून बोललेला नाही. पत्रावळ लावणारा तो म्हातारा. हा टेकाम, गोंड, उद्याच्या हाक्याचा खरा धनी. आमिषाचा हेला, म्हणजे रेडा, कुठल्या नाल्यात बांधायचा, वाघ खाऊन कुठल्या सावलीत पडेल, पाण्याला कुठून जाईल, हे साहेबाला यानंच सांगितलं. सगळे त्याच्याकडे पाहतात. "बाबा, तुमी कोठून आले?"

तो पत्रावळीची शेवटची काडी टोचतो. "टेका म्हंजे आमच्या बोलीत सागवान," तो म्हणतो. "सागाला पाय असतात का? मी कोठून येनार? मरकाम आंब्याचा, मी सागाचा. तुमी गाव इचारता, आमी इचारतो, किती देवांचा? चार, पाच, सहा का सात? तेवढं समजलं का सोयरीक जमते का नाही ते समजते." मग जाळाभोवती नजर फिरवून मिश्कीलपणे म्हणतो, "तुमी सारे पाहुने. जेवा पोटभर."

यावर हसावं की मान खाली घालावी हे बिसेनला समजत नाही. कापगते तेवढ्यात सावरून घेतो, "जाऊ द्या बाबा, कोठंही जा, पळसाला पानं तीनच." म्हाताऱ्याला ते पटतं. पत्रावळीतलं पान वर धरून तो म्हणतो, "हे खरं."

दूर तलावाच्या अंगानं सांबर ओरडतं. ढँक्. एकदाच. सगळे थांबतात. कोवळा पोट्टा विचारतो, "वाघ?" आणि चारी बाजूंनी त्याच्या पाठीत चापट्या बसतात. रात्रीचं नाव घेत नाहीत! "वाघ म्हटलं तरी खाते, वाघोबा म्हटलं तरी खाते," बिसेन त्याला समजावतो, "मंग वाघोबाच म्हन ना बाबू, मान द्यायला काय जाते आपलं?"

झोपा आता. झोप लागणार नाही, पाठ गारठेल आणि पोट भाजेल. कूस बदलत राहा.

सकाळी घाई नाही, हे ऐकून नवल वाटेल. दिवस उगवताच टेकामबाबा दोघांना घेऊन नाल्याकडे जाऊन येतो. हेला मारला आहे, ओढत नेल्याची खूण ताजी आहे. खाऊन जड झालेला वाघ ऊन चढलं की गर्द सावलीत पडून राहतो. हाका तेव्हा करायचा. साहेब मचाणावर चढतो. दोन्ही अंगांच्या झाडांवर माणसं बसवतात. वाघ बाजूला वळू लागला की त्यांनी खोडावर हलकेच टकटक करायची, तेवढ्यानं तो पुन्हा वाटेवर येतो. टेकामबाबा वाघदेवापुढं नारळ फोडतो. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाका, जीभ कोरडी पडली आहे तुमची.

तुमच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी. डावीकडे बिसेन, उजवीकडे टेकामबाबा, मधे वीस पावलांचं अंतर आणि पुरुषभर उंचीचं गवत. शिट्टी होते आणि रानच ओरडून उठतं. ढोल, डफ, डबे, कुऱ्हाडीचे दांडे खोडांवर, शेकडो घशांतून "हो हो हो हो!" बडवा तुम्हीही, जोरात! गवताची कुसं धोतरात शिरतात, काटे पोटऱ्या फाडतात, घाम डोळ्यांत उतरतो. मोर फडफडत डोक्यावरून जातात. चितळांचा कळप पुढ्यातून उधळतो. ससा सुटतो आणि तो कालचा पोट्टा अंगावरची घोंगडी टाकून त्याच्यावर झेप घेतो.

मग उजवीकडचं गवत हलायचं थांबतं.

डबा वाजवायचा विसरलात. वास आधी येतो, उग्र, ओला. मग पिवळं-काळं काहीतरी तुमच्या आणि टेकामबाबाच्या मधून, पोट जमिनीला टेकवत, उलट्या दिशेनं सरकतं. वाघ पुढं गेलाच नाही. माणसांची ओळ फोडून मागं निघाला. क्षणभर तो तुमच्याकडे पाहतो. त्या पाहण्यात राग नाही, घाईही नाही. गवत मिटतं. मचाणावरची बंदूक मुकी राहते.

साहेब चिडलेला आहे, पण तुमच्या जाळाभोवती जत्रा भरली आहे. पोट्ट्याच्या हातात तो ससा जिवंत, कानांना धरलेला. "ज्याच्या हाती ससा तो पारधी!" लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचवतात. आणि तुमच्यावरही नाव पडतं. मूळ गाव नाही ना सांगता आलं? मग आम्हीच ठेवतो. "वाघमारे?" "मारला कोठी!" "मंग वाघाये म्हना. 'वाघ आये, वाघ आये' म्हनत उभाच होता!" खऱ्या वाघायांची कहाणी वेगळी असेल, पण तुमचं नाव असं पडलं. चार दिवस गावात टिकलं की ते कागदावर चढेल, आणि शंभर वर्षांनी तुमचा पणतू ते का पडलं म्हणून डोकं खाजवेल.

संध्याकाळी मुन्शी रोजी वाटतो. तळहातावर आण्याची नाणी, दुसऱ्या हातावर गरम गुळाचा खडा. जीभ भाजते, तरी चोखता. मुन्शीच्या वहीत डोकावा. साहेबाचं नाव लफ्फेदार अक्षरात, परवान्यासकट. खाली फक्त 'हाकारे' आणि पुढं आकडा. धारहून निघालेला बिसेन, काशीहून आलेला कापगते आणि सागासारखा जागचा न हललेला टेकाम, तिघं मिळून त्या आकड्यात बसले. त्यांची नावं जाळाभोवती जिभेवर टिकली, म्हणून आजही गोंदियाच्या कुठल्याही मतदारयादीत, शाळेच्या हजेरीपटात तो सगळा प्रवास ओळीनं वाचता येतो. याच नवेगावबांधला पुढं वनाधिकारी म्हणून आलेले मारुती चितमपल्लीही इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांच्या बोलण्यातून जंगल शिकले. आणि जवळच गोठणगावला तिबेटहून आलेली माणसं वसली, तेव्हा त्यांनाही कुणीतरी जेवता जेवता विचारलंच असेल, मूळ कोनतं?

तुमच्या घरात हे सांगणारं एखादं माणूस अजून असेल. आजी असेल, थोरले काका असतील. या रविवारी त्यांच्याजवळ बसा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं म्हणून ते टाळू लागले, तर सांगा की आपण ऋषी नाही, हाकारे आहोत. आपल्याला विचारलेलं चालतं.